कुत्र्याच्या हृदयातील जंत : महिन्याची गोळी आणि गुरांची बाटली

आरोग्याच्या सदरात कुत्र्याचे काय काम, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. परंतु घराची राखण करणारा आणि मुलांच्या अंगाखांद्यावर खेळणारा हा प्राणी आजारी पडला की सगळ्या घराची झोप उडते, हा अनुभव अनेकांनी घेतला असेल. शिवाय आज ज्या रोगाविषयी लिहावयाचे आहे तो डासांमुळे होतो, आणि डासांची ओळख आपल्या जिल्ह्यात कोणाला करून द्यावी लागत नाही.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. निमलष्करी दलातील एक गृहस्थ आसाममधील नेमणूक संपवून गावी आले. येताना चार वर्षांचा लॅब्रॅडॉर कुत्रा सोबत घेऊन आले. त्याला आपण शेरू म्हणू. गावी येऊन दोन महिने झाले आणि शेरू खोकू लागला. कोरडा, ठसका लागल्यासारखा खोकला. आधी घरच्यांना वाटले, इकडची हवा मानवली नाही. आजी म्हणाल्या, घशात हाड अडकले असेल. मग हळद-मध झाले, दुधात कुस्करलेली भाकरी झाली, मेडिकलमधून जंताची गोळीही आणून झाली. खोकला काही थांबेना. एरवी सकाळी मालकाबरोबर चार-चार किलोमीटर धावणारा कुत्रा गल्लीच्या टोकाशीच बसकण मारू लागला, तेव्हा ते त्याला माझ्याकडे घेऊन आले.

पायाच्या शिरेतून रक्ताचा थेंब घेऊन काचपट्टीवर ठेवला आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. तांबड्या पेशींच्या गर्दीत बारीक धाग्यासारख्या अळ्या वळवळत होत्या. मालकांनाही त्या दाखविल्या. बराच वेळ ते डोळा लावून पाहत राहिले, मग विचारले, "आमच्या गावच्या डासांनी केलं का हे?"

त्यांच्या प्रश्नाचे उत्तर 'नाही' असे होते, आणि ते केवळ दिवस मोजून देता येत होते. तो हिशेब समजला की या रोगाचे निम्मे शास्त्र समजले, म्हणून तो सविस्तर सांगतो.

हत्तीरोगाचा भाऊबंद

या जंताला आपण हृदयकृमी म्हणू. त्याचे शास्त्रीय नाव डायरोफायलेरिया इमिटिस. अमेरिकेतील जोसेफ लायडी या शास्त्रज्ञाने १८५६ साली त्याचे वर्णन करताना 'इमिटिस' हा लॅटिन शब्द वापरला. त्याचा अर्थ निर्दय. मादी पंचवीस ते तीस सेंटिमीटर लांब, म्हणजे शाळकरी मुलाच्या फूटपट्टीएवढी, आणि जाडीला शेवयाच्या काडीएवढी असते. नर त्याच्या निम्म्याने. हे जंत कुत्र्याच्या फुप्फुसाकडे रक्त नेणाऱ्या धमन्यांत राहतात. संख्या वाढली की हृदयाच्या उजव्या कप्प्यात उतरतात. एखाद्या कुत्र्यात दोन-चार असतात, तर एखाद्यात शंभराच्या वर. आयुष्य पाच ते सात वर्षांचे. कुत्र्याच्या आयुष्याशी ताडून पाहिले तर हा फार मोठा मुक्काम झाला.

आपल्या वाचकांना हत्तीरोग परिचित आहे. नागपूर, चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा या भागांत आरोग्य कर्मचारी घरोघरी येऊन हत्तीरोगाच्या गोळ्या समोर गिळावयास लावतात, आणि रात्री रक्ताचे नमुने घेणारी पथकेही पूर्वीपासून अनेकांनी पाहिली आहेत. हत्तीरोगाचा जंत व कुत्र्याचा हृदयकृमी हे एकाच कुळातले. फरक इतकाच की माणसातला जंत रसवाहिन्यांत घर करतो आणि पाय सुजवतो, तर कुत्र्यातला रक्तवाहिन्यांत घर करतो आणि हृदय थकवतो. दोघांच्याही माद्या अंडी न घालता बारीक अळ्या थेट शरीरात सोडतात आणि त्या रक्तात फिरतात. माणसाच्या रक्तातील अशा अळ्या १८७२ साली कलकत्त्यात टिमोथी लुइस यांनी पाहिल्या. पुढे १८७७ साली पॅट्रिक मॅन्सन यांनी चीनमध्ये त्या डासाच्या शरीरात वाढताना दाखविल्या. कुत्र्याच्या जंताचे डासातले वास्तव्य १९०० च्या सुमारास इटलीतील ग्रासी व नोए यांनी उलगडले. डास रोग पसरवतो ही गोष्ट आज शाळेतल्या पोराला ठाऊक असते. परंतु ती सिद्ध करण्यासाठी माणसांनी किती रात्री डास चिरण्यात घालविल्या, हे विसरता कामा नये.

आता दिवसांचा हिशेब. डास आजारी कुत्र्याला चावतो तेव्हा रक्ताबरोबर अळ्या त्याच्या पोटात जातात. तेथे त्या दोनदा कात टाकतात. हवा उबदार असेल तर याला दहा ते चौदा दिवस लागतात. तापमान चौदा अंशांच्या खाली गेले की ही वाढ थांबते. तयार झालेली अळी डासाच्या सोंडेत येते. डास दुसऱ्या कुत्र्याला चावला की ती कातडीवर उतरते आणि चाव्याच्या छिद्रातून आत शिरते. पुढे सुमारे दोन महिने ती कातडीखाली व स्नायूंत वाढत, पुढे सरकत राहते. या मुक्कामात तिची आणखी दोनदा कात पडते. साधारण सत्तराव्या दिवसाच्या आसपास कोवळा जंत फुप्फुसाच्या धमनीत पोहोचतो. तेथे तो वाढतो, नर-मादीची जोडी जमते आणि डास चावल्यापासून सहा-सात महिन्यांनी नव्या अळ्या रक्तात दिसू लागतात.

शेरूच्या रक्तात अळ्या होत्या. याचा अर्थ ज्या डासाने हा प्रसाद दिला तो किमान सहा महिन्यांपूर्वी चावलेला होता. शेरू गावी येऊन तर दोनच महिने झाले होते. रोग तेथूनच सोबत आलेला होता.

एक गोष्ट येथे स्पष्ट करावयास हवी. कुत्र्याच्या रक्तातल्या अळ्या त्याच कुत्र्यात वाढून मोठ्या होत नाहीत. डासाच्या पोटातून फेरी झाल्याशिवाय त्यांची पुढची वाढच नाही. म्हणूनच एका कुत्र्याने दुसऱ्याला चाटले, एका ताटलीत खाल्ले किंवा ते भांडले म्हणून हा रोग लागत नाही. मध्ये डास हवाच.

आपल्याकडे हा रोग आहे का?

हृदयकृमीच्या नोंदी आपल्या देशात प्रामुख्याने ईशान्येकडून, आसाम-मिझोरामच्या बाजूने, येतात. दक्षिणेत, विशेषतः केरळात, त्याचाच एक भाऊ अधिक आढळतो. त्याचे नाव डायरोफायलेरिया रिपेन्स. तो हृदयात न जाता कातडीखाली राहतो. कुत्र्याला गाठी किंवा खाज देतो, पुष्कळदा काहीच देत नाही. तिसरा एक प्रकार पिसवांमार्फत पसरतो आणि बहुधा निरुपद्रवी असतो. या तिघांच्या अळ्या रक्तात सारख्याच दिसतात, निदान नवशिक्याला. त्यामुळे 'रक्तात अळ्या दिसल्या' एवढ्यावरून हृदयकृमी म्हणून मोकळे होणाऱ्यांवर विश्वास ठेवू नये. आणि उलट, गावातला खोकणारा प्रत्येक कुत्रा हृदयकृमीचा रोगी असतो असेही नाही. माझ्याकडे येणाऱ्या दमलेल्या, फिक्या हिरड्यांच्या कुत्र्यांपैकी बहुतेकांना गोचीड ताप असतो. त्यात नाकातून रक्त येते, ताप येतो. घरोघरी तोच अधिक घातक ठरतो, आणि त्याच्याविषयी वेगळा लेख लिहावा लागेल.

मग आपण हृदयकृमीची चिंता का करावयाची? कारण माणसांच्या बदल्या होतात आणि त्यांच्याबरोबर कुत्रीही प्रवास करतात. जातिवंत पिल्ले रेल्वेने व विमानाने देशाच्या या टोकाहून त्या टोकाला विकली जातात. आणि हा जंत वाहून नेणारे क्युलेक्स व एडिस जातीचे डास आपल्याकडे भरपूर आहेत. एक आजारी कुत्रा ओसरीवर झोपला की डास त्याच्यावर बसणार आणि शेजारच्या कुत्र्यावरही बसणार. कोल्हे-लांडग्यांतही हा जंत राहू शकतो. मांजरालाही तो होतो. जंत कमी असतात पण त्रास मोठा असतो, आणि मांजरासाठी भरवशाचा उपचार नाही.

लक्षणांकडे येऊ. पहिली काही महिने काहीच दिसत नाही. मग खोकला, पळताना लवकर दम लागणे, वजन घटणे, खाण्यावरची वासना उडणे. पुढे हृदय थकले की पोटात पाणी साठून ते ढोलासारखे दिसू लागते. एखाद्या कुत्र्याला एकाएकी भोवळ येते, हिरड्या पांढऱ्या पडतात आणि लघवी काळ्या चहासारखी होते. असे झाल्यास जंतांचा गुंता हृदयाच्या तोंडाशी आला आहे असे समजावे. तेव्हा मानेच्या शिरेतून चिमटा घालून जंत ओढून काढणे एवढाच मार्ग उरतो, आणि तो मोठ्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या ठिकाणीच शक्य असतो.

निदानासाठी दोन तपासण्या लागतात. सूक्ष्मदर्शकाखाली अळ्या पाहणे ही एक. दुसरी किटवर होणारी. मादी जंताच्या शरीरातून सुटणारा पदार्थ ती ओळखते आणि थोड्या वेळात उत्तर देते. पण ही किटही सहा महिन्यांच्या आतला रोग पकडू शकत नाही, कारण तोवर मादी पुरती वाढलेलीच नसते. म्हणून बाहेरगावाहून आणलेल्या मोठ्या कुत्र्याची तपासणी आल्याबरोबर एकदा आणि सहा महिन्यांनी पुन्हा, अशी दोनदा करावी. सात महिन्यांच्या आतल्या पिल्लाची तपासणी करून पैसे घालविण्यात अर्थ नाही.

गोळी नेमके काय करते

प्रतिबंधाची गोळी महिन्यातून एकदा द्यावयाची असते. आयव्हरमेक्टिन, मिल्बेमायसिन ही पोटातून द्यावयाची औषधे. सेलामेक्टिन, मॉक्सिडेक्टिन ही मानेच्या कातडीवर थेंब टाकून द्यावयाची. यांतले आयव्हरमेक्टिन एका जपानी मातीतून आले. सातोशी ओमुरा यांनी जपानमधील एका गोल्फ मैदानाजवळच्या मातीतून एक जिवाणू वेगळा काढला आणि अमेरिकेत विल्यम कॅम्बेल यांच्या तुकडीने त्यापासून औषध घडविले. दोघांना २०१५ साली नोबेल पारितोषिक मिळाले. कुत्र्यांसाठी महिन्याची गोळी अमेरिकेत १९८७ पासून मिळू लागली. त्यापूर्वी हत्तीरोगावरचेच औषध कुत्र्याला रोज, न चुकता द्यावे लागे. रोज! आपण स्वतःची रक्तदाबाची गोळी रोज आठवणीने घेत नाही.

ही महिन्याची गोळी कशी काम करते याबद्दल फार मोठा गैरसमज आहे. लोकांना वाटते, गोळी दिली की महिनाभर कुत्र्याभोवती कुंपण पडले. तसे नाही. गोळी डासाला अडवीत नाही, आणि पोटात गेलेले आयव्हरमेक्टिन थोड्या दिवसांत शरीरातून निघूनही जाते. ती मागचे साफ करते. मागील महिनाभरात ज्या अळ्या शरीरात शिरल्या असतील, त्या कोवळ्या असतानाच मारते. महिन्याकाठी घर झाडून काढावे, तशी ही व्यवस्था आहे.

उदाहरण घ्या. १ जुलैला गोळी दिली. १० जुलैला डास चावला आणि अळी आत गेली. १ जुलैच्या गोळीचा तिला काही उपद्रव नाही. ती मरावयाची तर १ ऑगस्टच्या गोळीने. आता १ ऑगस्टला पाहुणे आले, विसरले. १ सप्टेंबरला सण होता, राहून गेले. १ ऑक्टोबरला आठवण झाली. तोवर अळी ऐंशीहून अधिक दिवसांची होऊन धमनीत पोहोचली. महिन्याच्या गोळीतील औषध तिला आता सहज मारू शकत नाही. मालक म्हणतो, "मी गोळी देतच होतो." ते खरेही असते. एक गोळी पंधरा दिवस उशिरा झाली तर फारसे बिघडत नाही. दोन-तीन महिने सलग चुकली तर मात्र गोळी पुन्हा सुरू करावी आणि सहा महिन्यांनी रक्त तपासून घ्यावे.

याच कारणाने डास संपल्यावरही पुढची एक गोळी द्यावी लागते, शेवटच्या चाव्याचा हिशेब चुकता करण्यासाठी. पण आपल्याकडे डास संपतात कधी? पावसाळ्यात डबकी, हिवाळ्यात गटारे, आणि एप्रिल-मेच्या उन्हात घरोघरच्या कूलरच्या टाक्या. बाहेर पंचेचाळीस अंश असताना कूलरच्या ओल्या खसपाशी डास सुखाने राहतात आणि कुत्राही नेमका तेथेच येऊन झोपतो. ज्यांना गोळी द्यावयाची आहे त्यांनी ती बारा महिने द्यावी. प्रत्येक कुत्र्याला ती हवीच असे मात्र मी म्हणणार नाही. ईशान्येकडून किंवा किनारपट्टीवरून आलेला कुत्रा, तिकडे जाऊन-येऊन असणारा कुत्रा, किंवा ज्या वस्तीत एक रोगी सापडला आहे तेथील कुत्रे, यांना जरूर. इतरांनी आपल्या पशुवैद्यकाला विचारून ठरवावे. पिल्लाला आठव्या आठवड्यापासून सुरू करता येते.

आणखी एक खुलासा. 'आम्ही दर तीन महिन्यांनी जंताची गोळी देतो' असे सांगणारे पुष्कळ भेटतात. ती आतड्यातील जंतांची गोळी. उत्तम सवय आहे, चालू ठेवावी. पण हृदयकृमीशी तिचा संबंध नाही. शेरूलाही ती नियमित मिळत होती.

गुरांची बाटली

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहावयास घेतला तिच्याकडे वळतो. शेरूची हकीकत गावात पसरली. मग एका शेतकरी गृहस्थाने तीन किलो वजनाच्या पिल्लाला, प्रतिबंध म्हणून, गोठ्यातल्या बाटलीतील आयव्हरमेक्टिन एक मिलिलिटर पाजले. दुसऱ्या दिवशी पिल्लू माझ्या टेबलावर होते. बुबुळे पसरलेली, मागचे पाय लटपटत, भिंतीला धडका घेत होते. त्याला दिसत नव्हते. म्हातारे गृहस्थ खरोखर कळवळले होते. म्हणाले, "डॉक्टरसाहेब, ढोराले चालते, तं कुत्र्याले काऊन नाही चालत?"

औषध तेच आहे, हे त्यांचे म्हणणे खरे. फरक मात्रेचा आहे, आणि तो किती हे कागदावर मांडून पाहू. हृदयकृमीच्या प्रतिबंधासाठी आयव्हरमेक्टिनची मात्रा कुत्र्याच्या दर किलो वजनाला सहा मायक्रोग्रॅम. मायक्रोग्रॅम म्हणजे मिलिग्रॅमचा हजारावा भाग. दहा किलोच्या कुत्र्याला साठ मायक्रोग्रॅम झाले. गुरांची बाटली एक टक्क्याची असते, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये दहा मिलिग्रॅम, अर्थात दहा हजार मायक्रोग्रॅम. तेव्हा दहा किलोच्या कुत्र्याला लागणारे औषध या बाटलीतील ०.००६ मिलिलिटर एवढेच भरते. इन्सुलिनची चाळीस युनिटांची सिरिंज घेतली तरी तिच्या पहिल्या रेघेत अडीचशे मायक्रोग्रॅम मावते, चौपटीहून जास्त. एक थेंब टाकला तर साधारण आठपट. त्या पिल्लाला लागणारी मात्रा होती अठरा मायक्रोग्रॅम. मिळाली दहा हजार. ही बाटली घरच्या कोणत्याही साधनाने कुत्र्यासाठी मोजता येत नाही. पाण्यात किंवा तेलात मिसळून पातळ करण्याचे उद्योगही करू नयेत. औषध सारखे मिसळत नाही आणि तळाचा घोट ज्याच्या वाट्याला येतो तो मरतो.

कोरोनाच्या काळात अनेक घरांत आणलेल्या माणसांच्या बारा मिलिग्रॅमच्या गोळ्यांनाही हेच लागू. दहा किलोच्या कुत्र्याला अशी एक गोळी म्हणजे दोनशे महिन्यांची मात्रा एका घासात.

यावर कोणी म्हणेल, खरजेसाठी डॉक्टर स्वतःच कुत्र्याला हे इंजेक्शन देतात. देतात, आणि प्रतिबंधापेक्षा कितीतरी मोठ्या मात्रेत देतात. पण ते कुत्र्याची जात, वय आणि रक्त पाहून. कोली, शेटलंड शीपडॉग, ऑस्ट्रेलियन शेफर्ड अशा मेंढपाळी जातींत, काही अल्सेशियनांतही, एका जनुकात दोष असतो. मेंदूत औषध शिरू न देणारा पहारेकरी त्यांच्यात नसतो म्हणा ना. हा दोष २००१ साली अमेरिकेत वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठात उघडकीस आला. अशा कुत्र्याला किलोमागे शंभर मायक्रोग्रॅमच्या आसपासची मात्राही विषारी ठरू शकते. दहा किलोच्या कोलीसाठी गुरांच्या बाटलीतले दोन थेंब झाले हे. प्रतिबंधाची सहा मायक्रोग्रॅमची मात्रा मात्र याही जातींना सुरक्षित आहे. संकरित कुत्र्यात कोणाचे रक्त किती, हे पाहून सांगता येत नाही. तेव्हा मालकाने तर्क करू नये.

आयव्हरमेक्टिनच्या विषबाधेवर हमखास उतारा नाही. सलाईन देणे, अंग गरम ठेवणे, कूस बदलणे, नळीने भरवणे आणि वाट पाहणे. त्या पिल्लाची त्या म्हाताऱ्या गृहस्थांनी रात्र-रात्र जागून सेवा केली. पाचव्या दिवशी त्याने हाताच्या हालचालीकडे मान वळविली. ते वाचले. दर वेळी असे होईल असे मानू नये.

हत्तीरोगाच्या गोळीविषयीही सावध करतो. या गोळीतील डीईसी हे औषध माणसांसाठी उपकारक आहे. ते औषध म्हणून पुढे आणण्यात यल्लाप्रगडा सुब्बाराव या आपल्या देशी शास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेचा मोठा वाटा होता. आरोग्य कर्मचाऱ्याने दिलेली गोळी आपण स्वतः जरूर गिळावी. २०१९ साली नागपूर जिल्ह्यात या मोहिमेत आयव्हरमेक्टिनचीही भर पडली. पण काही जण ती गोळी हातात घेतात, न गिळता ठेवून देतात, आणि 'जंताचीच तर आहे' म्हणून कुत्र्याला घालतात. ज्या कुत्र्याच्या रक्तात हृदयकृमीच्या अळ्या आहेत त्याला डीईसी दिल्यास अळ्या एकदम मरतात आणि तासाभरात कुत्रा उलट्या करून, पांढरा पडून कोसळू शकतो. आयव्हरमेक्टिनच्या मोठ्या मात्रेनेही असेच घडू शकते. सात महिन्यांवरील कुत्र्याला पहिली गोळी देण्यापूर्वी रक्त तपासावयाचे ते यासाठी.

रोग झालाच तर

उपचार आहे, पण तो सोपा नाही. जुना खात्रीचा मार्ग मेलार्सोमिन या सोमलयुक्त औषधाच्या इंजेक्शनांचा. कमरेच्या स्नायूत खोल टोचावयाचे. एक आधी, मग महिन्याने लागोपाठ दोन दिवस. जंत मरतात, पण मेलेला जंत जाणार कोठे? त्याचे तुकडे रक्ताबरोबर फुप्फुसात जाऊन अडकतात. अशा वेळी कुत्रा धावला, उड्या मारल्या, तर हृदयाचा जोर वाढून तुकडे अधिक खोल रुततात आणि कुत्रा रक्ताची गुळणी टाकून जातो. म्हणून उपचाराचे सर्व महिने त्याला बांधून, शांत ठेवणे हे औषधाइतकेच महत्त्वाचे. त्याआधी महिनाभर डॉक्सिसायक्लिन देतात. त्याचे कारण मजेदार आहे. या जंताच्या शरीरात वोल्बाकिया नावाचे जिवाणू राहतात आणि त्यांच्यावाचून जंताचे चालत नाही. आधी जिवाणू मारले की जंत अशक्त होतो आणि मरताना कमी त्रास देतो. जंतालाही रोग आणि त्या रोगावाचून त्याचे अडते, असा हा प्रकार.

शेरूसाठी मेलार्सोमिन मिळू शकले नाही. तेव्हा डॉक्सिसायक्लिन आणि दर महिन्याला मॉक्सिडेक्टिन हा लांबचा रस्ता धरावा लागला. त्यात जंत हळूहळू मरतात, आणि तोवर धमन्यांची खराबी चालूच राहते. सव्वा वर्षाने किटवर एकच रेघ आली. त्या सव्वा वर्षात घरातील दोन मुलांनी एकदाही चेंडू बाहेर काढला नाही, असे त्यांच्या आईने मला सांगितले. शेरू आता खोकत नाही. चार किलोमीटर मात्र धावत नाही. एक किलोमीटर चालतो.

माणसांबद्दल पत्रातून विचारणा होते, म्हणून तेही सांगतो. कुत्र्याला हात लावल्याने किंवा त्याने चाटल्याने हा जंत माणसात येत नाही. डास अळी माणसात सोडू शकतो, पण ती सहसा वाढण्याआधीच मरते. क्वचित मेलेल्या जंताभोवती फुप्फुसात नाण्याएवढी गाठ होते आणि एक्स-रेवर ती कर्करोगाची वाटते. कातडीखालचा जो भाऊ वर सांगितला, तो कधी माणसाच्या डोळ्याच्या पांढऱ्या भागावर वळवळताना सापडतो. केरळ, कर्नाटक आणि आपल्या महाराष्ट्रातूनही अशी उदाहरणे नोंदली गेली आहेत. डोळ्यात काही सरकल्यासारखे वाटले, लाली आली, तर चोळू नये, कोणाकडून काडीने काढून घेऊ नये. सरळ नेत्रतज्ज्ञाकडे जावे. छोट्या छेदातून अखंड जंत निघतो आणि बहुधा तेवढ्यावर काम भागते.

राहिले डास. आठवड्यातून एक दिवस कूलरची टाकी, रांजण, कुत्र्याचे पाण्याचे भांडे आणि गच्चीवरची जुनी टायरे रिकामी करून, घासून कोरडी करावीत. पाणी ओतून लगेच भरू नये, कारण एडिसची अंडी कडेला चिकटलेली असतात. कुत्र्याला संध्याकाळपासून सकाळपर्यंत जाळीच्या दाराआड घ्यावे. कडुनिंबाचा धूर करावयाचा तर कुत्र्याला त्यात कोंडू नये. खोकणाऱ्या कुत्र्याला तर मुळीच नाही. आणि माणसांनी अंगाला लावावयाचे डास पळविणारे मलम कुत्र्याला चोळू नये, तो ते चाटून टाकतो.

दवाखान्यात येताना कुत्र्याचे वजन करून यावे. घरचा वजनकाटा चालतो: आधी स्वतः उभे राहा, मग कुत्र्याला उचलून घेऊन उभे राहा आणि वजाबाकी करा. मागील गोळीची तारीख कॅलेंडरवर लिहिलेली असेल तर ते पानही सोबत आणा.